पोळा, मारबत आणि सावजी : नागपुरात अडीच दिवस

नागपूर दोन-अडीच दिवसांत पाहायचं असेल तर पोळ्याचे दिवस निवडा. संत्र्यांचा हंगाम नसतो, पाऊस असतो, हवा चिकट असते. तरीही या दोन दिवसांत जुनं नागपूर जेवढं रस्त्यावर येतं तेवढं वर्षभरात क्वचितच येतं. श्रावण संपतो, बैल सजतात, दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते आणि महिनाभर सामिष न खाल्लेली घरं मटणाच्या दुकानांपुढे रांग लावतात. सण आणि जेवण इथे एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून कुठल्या वेळी काय खायचं हे नीट ठरवलं नाही तर सणही हुकतो आणि जेवणही.

तारीख आणि तिकीट

पोळा श्रावण अमावास्येला, म्हणजे पिठोरी अमावास्येला असतो. मारबत त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आणि तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी बैलांचा पोळा, त्याच दिवशी संध्याकाळी. कॅलेंडरमध्ये पोळा शोधायचा आणि त्यात एक दिवस मिळवायचा. २०२५ मध्ये पोळा २२ ऑगस्टला होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे तो सप्टेंबरमध्ये सरकतो, तेव्हा मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबून तिकीट काढू नका. मुक्काम असा धरा: पोळ्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत पोहोचायचं, पोळा आणि मारबत असे दोन पूर्ण दिवस, तिसऱ्या दिवशी दुपारी परत.

मुंबईहून रात्रीची दुरांतो किंवा विदर्भ एक्स्प्रेस घेतली तर सकाळी नागपूर. पुण्याहून ऑगस्ट २०२५ पासून अजनीपर्यंत वंदे भारत आहे. पोळ्याच्या पाठोपाठ चार दिवसांत गणपती येतात, त्यामुळे नागपूरहून मुंबई-पुण्याकडे परतणाऱ्या गाड्या जाण्याच्या गाड्यांपेक्षा आधी भरतात. परतीचं तिकीट आधी काढा, जाण्याचं नंतर.

स्वतःच्या गाडीनं येत असाल तर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. काँक्रीटचा सरळ रस्ता आणि तासन्‌तास एकाच वेगात धावणारी गाडी, यात टायर तापतो. टायर जुने असतील, हवा कमी असेल तर फुटायचा धोका खरा आहे. निघायच्या आधी थंड टायरमध्ये हवा तपासा, दर दोन तासांनी थांबा. एकसुरी रस्त्यावर डुलकी लागते, तो धोका टायरपेक्षाही मोठा.

राहायचं कुठे

बाहेरचे लोक वर्धा रोड किंवा धरमपेठेत खोली घेतात, कारण हॉटेलं चकाचक आहेत. या सहलीसाठी ती जागा चुकीची. तुम्हाला जे पाहायचं आणि खायचं आहे त्यातलं बहुतेक शहराच्या पूर्वेला आहे: इतवारी, महाल, गांधीबाग, जागनाथ बुधवारी. पण थेट इतवारीतही राहू नका. मारबतीच्या दिवशी सकाळपासून तिथले रस्ते गाड्यांना बंद होतात, बॅगा घेऊन हॉटेलातून बाहेर पडता येत नाही.

सीताबर्डी सगळ्यात सोयीची. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथेच एकमेकींना छेदतात. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज, लोकमान्य नगर ते प्रजापती नगर ही अ‍ॅक्वा. विमानतळाकडून येणारी ऑरेंज सीताबर्डीला सोडते आणि तिथून अ‍ॅक्वा तुम्हाला कॉटन मार्केट, नागपूर रेल्वे स्टेशन, दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक, चितार ओळी चौक अशी सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून जुन्या शहरात नेते. मारबतीच्या दिवशी रिक्षावाला इतवारीचं नाव काढलं की मान हलवतो, मेट्रो मात्र वरून निवांत जाते. स्टेशनाजवळ सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरच्या लॉजमध्ये राहिलात तरी चालेल, फक्त खोली रस्त्याच्या मागच्या बाजूची मागा.

पहिली रात्र: सावजी आत्ताच उरकून घ्या

हे ऐकायला उलटं वाटेल, पण सावजी जेवायची सगळ्यात चांगली रात्र पोळ्याच्या आदली. श्रावण चालू असतो, बरीचशी गिऱ्हाईकं बंद असतात, भोजनालयात बसायला जागा मिळते आणि वाढणाऱ्याला तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ असतो. उलट मारबतीच्या दिवशी, म्हणजे करीला, अख्खं शहर मटणावर तुटून पडतं. काही सावजीवाले त्या दिवशी घरच्या सणासाठी दुकान बंदही ठेवतात. जाण्याआधी फोन करून उघडं आहे ना, एवढं विचारून घ्या, कारण श्रावणातही काहीजण सुट्टी घेतात.

सावजी हा हलबा कोष्टी समाजाचा, विणकरांचा स्वयंपाक. नाव कुठल्याही पाटीवर दिसेल, पण खरा सावजी इतवारी-महालच्या आतल्या गल्ल्यांमध्ये, घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं टाकून चालतो. मसाल्यात धने, मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल, खसखस, भाजलेलं सुकं खोबरं आणि भरपूर सुकी मिरची. रस्सा दाट करायला ज्वारीचं पीठ वापरायची जुनी पद्धत आहे, आणि पूर्वी तेल जवसाचं असे. तिखटपणा नुसत्या मिरचीचा नसतो, मिरे आणि लवंगही त्यात असतात. म्हणून पहिल्या घासाला ‘एवढं काही नाही’ वाटतं, पाचव्या घासाला कान गरम होतात.

ऑर्डर अशी द्या. दोघांत एक मटण प्लेट आणि चार भाकऱ्या, मग लागेल तसं. प्लेट म्हणजे चार-पाच पीस आणि सोबत रस्सा, तो बहुतेक ठिकाणी पुन्हा मिळतो. पहिल्यांदाच खात असाल तर साधं मटण किंवा चिकन. खूर म्हणजे पाया आणि सुंदरी म्हणजे बकऱ्याचं आतडं, ते आवडणाऱ्याचं खाणं आहे, नाव गोड वाटलं म्हणून मागवू नका. वर तरंगणारी लाल तर्री चमच्यानं बाजूला करून खालचा रस्सा घ्या, तिखट निम्म्यावर येतं. भाताबरोबर तर्री ओतून खाणं ही नवख्यांची नेहमीची चूक, कारण भात तेल शोषतो आणि सगळं तिखट घेऊन पोटात जातो. भाकरी बोटांनी चुरून रस्स्यात भिजवली तर तेच तिखट सोसवतं.

तोंड पेटलं की लोक थंड पाण्याचा ग्लास रिकामा करतात. पाण्यानं काही होत नाही, मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. दही, मठ्ठा किंवा दूध घ्या. भोजनालयात दही असेलच असं नाही, तेव्हा वाटेत एक दह्याची वाटी किंवा ताकाची पिशवी घेऊन गेलात तर कोणी हसणार नाही. (हसले तरी सांगतील: ‘भाऊ, कमी तिखट म्हणाले असते ना!’ पण कमी तिखट सावजी असं काही नसतं. रस्सा पातळ करून देतात, चव जाते.)

शाकाहारी मंडळींसाठी पाटोडी रस्सा आणि डाळकांदा. पाटोडी म्हणजे बेसन शिजवून थापून कापलेल्या वड्या, त्या सावजी रस्स्यात सोडतात. वाढायच्या अगदी आधी सोडलेल्या असल्या तर आकार टिकतो, तासभर मुरल्या तर पीठ सुटून पिठलं होतं. ‘आत्ता टाकून द्या’ असं सांगा. शाकाहाराबाबत कडक असाल तर सामिष भोजनालयात जाऊ नका, पळी आणि मसाल्याचं वाटण बहुतेक एकच असतं. फक्त शाकाहारी सावजीही शहरात आहेत, ते विचारून शोधा.

रस्त्याच्या कडेला रात्री उलट्या मडक्यावर लांब रोटी भाजणाऱ्या बायका दिसल्या तर दुसरी युक्ती करता येते: सावजीतून रस्सा पार्सल घ्या आणि रोटी तिथे ताजी घ्या. गव्हाचं पीठ इतकं सैल मळलेलं असतं की ते हातांवर झुलवत, या हातावरून त्या हातावर टाकत लांबवतात आणि चुलीवरच्या मडक्याच्या पाठीवर पसरतात. एक रोटी दोघांना होते. अर्ध्या तासात ती चामट होते, तेव्हा खोलीवर नेऊन मग टीव्ही लावून खाऊ म्हणाल तर पस्तावाल.

पोळ्याचा दिवस

सकाळी तर्री पोहे. कस्तुरचंद पार्कच्या आसपास, सीताबर्डीत, स्टेशनाजवळ, कुठेही गाडी दिसेल. पोहे सगळीकडे साधारण सारखेच. फरक तर्रीत. चांगल्या गाडीची खूण अशी: पातेल्यात काळे हरभरे तळाशी अख्खे दिसतात, वर तेलाचा लाल थर स्वच्छ वेगळा असतो, आणि भगुलं आचेवर असतं. रस्सा गढूळ तपकिरी आणि हरभरे फुटलेले असतील तर तो आदल्या दिवशीचा उकळून काढलेला. साडेआठच्या आत जा. दहानंतर पोहे वाफेवर बसून बसून चिकट होतात. ‘तर्री वेगळी द्या’ म्हटलं तर वाटीत देतात, आणि तेच बरं, नाहीतर पोह्याचं खळगुट होतं. वरून कांदा, लिंबू, शेव किंवा चिवडा. त्याच गाडीवर आलूबोंडा असेल तर तोही तर्रीत बुडवून देतात.

घरी परतल्यावर करून पाहायची असेल तर चौघांना पाऊण वाटी काळे हरभरे आठ तास भिजवून, मीठ घालून कुकरमध्ये शिजवा. शिजवलेलं पाणी टाकू नका. पाच-सहा टेबलस्पून तेलात दोन मोठे कांदे बारीक चिरून गडद तांबूस होईस्तोवर परता, त्यात आलं-लसूण, दोन चमचे भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा कूट, दोन चमचे धनेपूड, एक चमचा काळा मसाला. मग गॅस बंद करून दीड चमचा लाल तिखट. गॅस चालू ठेवून तिखट टाकलं की ते जळतं आणि रंग काळपट येतो. लगेच हरभऱ्याचं पाणी गरम करून ओता, एकूण चार वाट्या होईल इतकं, आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं. गार पाणी ओतलं तर तेल वर येत नाही, तर्री सुटत नाही.

पोळा शहरात फारसा भरत नाही, बैल उरले आहेत कुठे. तो पाहायला काटोल किंवा उमरेड रस्त्यावरच्या एखाद्या गावात जा, तासाभराच्या आत पोहोचाल. बैलांच्या खांद्यांना आदल्या संध्याकाळीच तूप-हळद चोळून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ असं निमंत्रण दिलेलं असतं. पोळ्याच्या दिवशी दुपारपर्यंत गावात काही दिसत नाही, घरोघरी बैल रंगवणं, बेगडं आणि झूल चढवणं चालू असतं. चारनंतर बैल गावाबाहेर तोरणाखाली रांगेत उभे राहतात, लोक झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकं जुळवलेली गाणी, म्हणतात, त्यात गावातल्या पुढाऱ्यांची आणि सरकारची यथेच्छ उडवतात. मग तोरण तुटतं, पोळा फुटतो आणि बैल घराकडे धावतात. त्या धावपळीच्या वाटेत उभं राहू नका. रांगेच्या मागच्या बाजूलाही नको, ढोल-ताशानं बुजलेला बैल मागे सरतो. एखाद्या ओट्यावर चढा. लाल छत्री उघडून बैलांसमोर जाऊ नका, रंगामुळे नाही, अचानक फडफडणाऱ्या वस्तूमुळे तो बुजतो. फोटोच्या आधी मालकाला विचारा. ‘दादा, काढू का?’ एवढं पुरतं, बहुतेक वेळा तोच बैलाची मान तुमच्याकडे वळवतो.

गावाला जायचं नसेल तर दुपार चितार ओळीत घालवा. मूर्तिकारांची गल्ली. गणेश चतुर्थी जेमतेम चार दिवसांवर, त्यामुळे पोळ्याला तिथे गणपतींवर शेवटचा हात फिरत असतो आणि डोळे आखायचं काम चालू असतं. आत शिरताना बॅग पाठीवरून काढून पुढे धरा, ओल्या रंगाच्या मूर्ती दोन्ही बाजूंना अगदी अंगाला लागून असतात. जवळपासच्या बाजारात तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल मांडलेले असतात. मुलासाठी घ्यायचा असेल तर रंग बघू नका, चाकं बघा. बैल जमिनीवर ठेवून दोरीनं हात-दोन हात ओढा. चारही चाकं टेकत नसतील किंवा आस सैल असेल तर रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात तो पडणार. सागाचा बैल हातात जड लागतो, हलक्या लाकडाचा वर्षभरात शिंगापाशी तडकतो. घासाघीस चालते.

पोळ्याचं जेवण म्हणजे पुरणपोळी, कढी, भजी, वडे. ते हॉटेलात मिळत नाही, निदान चांगलं मिळत नाही. नागपुरात कोणी ओळखीचं नसेल तर घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा. वऱ्हाडी पुरणपोळी जाड, पुरणानं ठासलेली असते, आणि तूप वरून चमच्यानं नाही, वाटीत घेऊन पोळी बुडवून खायची असते. दोन पोळ्यांत पोट भरतं. शाकाहारी जेवणात याच दोन दिवसांत वडाभात मागून बघा: मिश्र डाळींचे वडे गरम भातावर चुरायचे, त्यावर हिंग-मोहरीची तेलाची फोडणी आणि शेजारी कढी. फोडणी कोमट झाली की भात कोरडा लागतो, म्हणून ती शेवटी, जेवायला बसल्यावर घ्या. कोथिंबिरीच्या सारणाची सांबारवडीही याच दुकानांत मिळते. ताजी कुरकुरीत असते, शिळी तेलकट.

संध्याकाळी जागनाथ बुधवारीत जाऊन पिवळ्या मारबतीचं दर्शन घ्या. हे टाळू नका. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत ती गर्दीच्या डोक्यांवरून दिसते, इथे समोर बसलेली दिसते. लोक तिला देवी मानतात, बायका लेकरांना घेऊन येतात. चपला बाहेर काढायच्या, आणि पुतळ्याच्या हातापायांना हात लावून सेल्फी काढायचा नाही.

मारबतीची सकाळ

काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. काळीचा संबंध लोक बाकाबाई भोसलेंशी जोडतात: सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतरच्या काळात त्या इंग्रजांना मिळाल्या, हा राग त्या पुतळ्यात आहे असं सांगतात. पूतना राक्षसिणीची कथाही सांगणारे आहेत. सोबत निघतात ते बडगे: बांबूचा सांगाडा, कागद, कापड आणि रंग यांचे उंच पुतळे, गळ्यात पाट्या. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, गाजलेली प्रकरणं, परदेशी नेते, सगळ्यांची हजेरी असते. पाट्या वाचा, खरी गंमत तिथे आहे. आदल्या आठवड्याची स्थानिक वर्तमानपत्रं चाळून गेलात तर अर्धे विनोद जास्त कळतील. ‘इडा, पिडा घेऊन जा गे मारबत!’ ही आरोळी सकाळपासून कानावर पडते, आणि त्या दिवशी घरांच्या दारांत पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, लावलेले दिसतात.

दोन्ही मारबती आपापल्या ठिकाणाहून सकाळी निघतात आणि इतवारीत नेहरू पुतळा चौकात त्यांची भेट होते, साधारण दुपारच्या सुमाराला. वेळ दरवर्षी पुढे-मागे होते, मार्गातही पोलिसांच्या सूचनेनुसार बदल होतो. आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मार्ग आणि वाहतुकीचा बदल छापून येतो, तो कापून खिशात ठेवा, कारण गर्दीत नेटवर्क बसतं आणि मोबाईलवरचा नकाशा हलत नाही.

सात वाजता नाश्ता, आठला मेट्रो, साडेआठ-नऊपर्यंत जागेवर. चितार ओळी किंवा अग्रसेन चौक स्टेशनला उतरा आणि गर्दीबरोबर चालत जा. भेटीच्या चौकात उभं राहू नका. सगळे तिथेच उभे राहतात, आणि दोन दिशांनी दोन मिरवणुका आल्या की मधल्या लोकांना बाहेर पडायला वाट उरत नाही. चौकाच्या अलीकडे दीडशे-दोनशे पावलांवर, बंद दुकानाचा उंच ओटा किंवा पायऱ्या शोधा. मागे एखादी गल्ली सुटणारी असावी, हे महत्त्वाचं. वरच्या मजल्यावरची गॅलरी मिळाली तर त्याहून उत्तम. घराबाहेर उभ्या असलेल्या काकूंना सरळ विचारा, ‘काकू, वर येऊ का थोडा वेळ?’ सणाच्या दिवशी बहुधा नाही म्हणत नाहीत. हातात मिठाईचा पुडा असेल तर बरं दिसतं.

पायात बूट घाला. चपला आणि सँडल गर्दीत निघतात आणि वाकून उचलायला जाणं हाच चेंगरायचा सोपा मार्ग. मोबाईल पुढच्या खिशात, दागिने खोलीवर. कपडे जुने, गुलाल उडतो आणि सुटत नाही. छत्री नको, पातळ रेनकोट. डीजेच्या भिंतीसमोर छातीत धडधड होते, कानात घालायला बोळे ठेवा, लहान मुलांसाठी तर नक्कीच. पाच-सहा वर्षांखालची मुलं असतील तर सकाळचे बडगे दाखवून अकराच्या आत परत फिरा. वयस्कर मंडळींनाही तेच सांगा. ‘भेट बघूनच जाऊ’ हा हट्ट सगळ्यात महाग पडतो, कारण त्यानंतरचा तास सगळ्यात दाट गर्दीचा.

साडेबारा-एकनंतर मिरवणुकीचा रंग बदलतो. करीचा दिवस, दारू चढलेली टोळकी नाचात घुसतात. फक्त बायकांचा गट असेल तर कुटुंबं उभी आहेत तिकडच्या बाजूला राहा आणि भेट झाली की निघा. पुतळ्यांचं दहन पुढे नाईक तलावाच्या परिसरात होतं, तिथवर मिरवणुकीबरोबर चालायचं असेल तर पाणी, दम आणि एक स्थानिक सोबती लागतो. नसेल तर सोडून द्या, पाहण्यासारखं बहुतेक तोवर पाहून झालेलं असतं.

बाहेर पडताना जिथून आलात त्याच स्टेशनकडे सगळे वळलेले असतात. एक स्टेशन पुढे चालत जा, टेलिफोन एक्स्चेंजला चढा. दहा-पंधरा मिनिटं जास्त चालणं, पण फलाटावर रेटारेटी नाही.

त्या दुपारी मटण खायचा मोह सोडा. दुकानांपुढे सकाळपासून रांगा, भोजनालयांत टेबलामागे उभे राहून वाट बघणारे लोक, आणि घाईत शिजवलेला रस्सा. मटण मुरायला वेळ लागतो, त्या दिवशी तो कोणाकडे नसतो. त्यापेक्षा सीताबर्डीत साधं जेवा आणि दोन तास झोपा.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला महालात किंवा राहाल तिथल्या कुठल्याही वस्तीत तान्हा पोळा. नटलेली मुलं लाकडी बैल ओढत मैदानात येतात, सजावटीला बक्षिसं असतात, मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा आणि थोडा खाऊ खिशात ठेवा, रिकाम्या हातानं बघत उभं राहणं बरं दिसत नाही. महालातल्या भोसले वाड्याचा लाकडी बैल मोठा, राजघराण्याचा. लहान मुलं घेऊन आलेल्यांना मारबतीपेक्षा हाच कार्यक्रम जास्त आवडतो, आणि इथे गर्दीची भीतीही नाही.

दोन दिवस मसाला खाऊन पोट कुरकुरत असेल तर त्या रात्री सदरकडे जा, तिथे चिनी जेवणाची हॉटेलं आहेत. नागपुरी चिनी जेवण म्हणजे लसूण आणि हिरवी मिरची सढळ हातानं, चीनशी संबंध बेताचाच. क्लिअर सूप आणि वाफेवरचे मोमो मागवा, शेजवान म्हणाल तर पुन्हा सावजीच्याच वाटेवर. बिर्याणी हवी असेल तर मोमिनपुरा.

तिसरी सकाळ

वेळ अर्धाच दिवस असतो, त्यात एकच जागा धरा. दीक्षाभूमी सकाळी शांत असते. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली. स्तूपाच्या आतला घुमट पाहायला घाईत गेलात तर पाच मिनिटं पुरतात, नीट पाहायला तास लागतो. सीताबर्डीचा किल्ला मात्र या यादीत घालू नका. तो लष्कराकडे आहे आणि सर्वसामान्यांना १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे अशा मोजक्या दिवशीच उघडतो, पोळ्याला दारावरून परत यावं लागतं. गाडी हाताशी असेल आणि परतीची वेळ संध्याकाळची असेल तर कामठीचं ड्रॅगन पॅलेस, जपानी बौद्धांच्या मदतीनं उभं राहिलेलं विहार, शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर.

पोळ्याला येणं जमत नसेल तर दुसरा पर्याय दसऱ्याचा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. ती सहल नाही, तीर्थ आहे. पांढरे साधे कपडे, पुस्तकांच्या स्टॉलसाठी रिकामी पिशवी, आणि खोली दोन-तीन महिने आधी. जेवणाचं नियोजन तेव्हा वेगळं लागत नाही, रस्त्यात ठिकठिकाणी भोजनदान असतं.

नेण्यासारख्या वस्तूंत संत्रा बर्फी पहिली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गाड्यांवर नागपूरच्या नावानं विकली जाणारी पिवळीधमक संत्री घेऊ नका. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबरअखेरीपासून येतात, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर, त्यामुळे पोळ्याला दिसणारी बहुतेक कुठून तरी शीतगृहातून आलेली. बर्फी घेताना बनवल्याची तारीख विचारा. खव्याची असल्यानं पावसाळी हवेत तीन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि डबा गाडीच्या डिकीत तापला तर एकाच दिवसात वास येतो. पेटी निघायच्या दिवशीच घ्या, आदल्या दिवशी नको. सावजी मसाला घ्यायचा तर पाकिटापेक्षा इतवारीच्या मसाला बाजारात समोर कांडून दिलेला पाव किलो घ्या, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून कपड्यांपासून लांब ठेवा. घरी अर्धा किलो मटणाला आधी दोन चमचेच घाला, तिसरा चव घेऊन.